दादर ते नागदेवी, एकही टाइल न फोडता

बाथरूममधलं बेसिनखालचं कपाट बदलायचं, एवढंच काम. पण भिंतीवरच्या टाइल्स साठ वर्षांपूर्वीच्या आणि बाजारातून कधीच्याच गायब! त्या न फोडता काम करायचं, तर मुंबईत कुठे कुठे फिरावं लागतं आणि कोण कोण भेटतं, त्याची ही सफर.

मुंबईत घरातलं कुठलंही काम काढा. नळ गळतोय, दरवाजा अडकतोय, वायर बदलायचीय. आलेला माणूस आधी भिंतीवर दोन टिचक्या मारतो, मान हलवतो आणि म्हणतो, 'तोडना पडेगा.' तोडणं हा या शहराचा स्वभावच झालाय म्हणा ना! गिरण्या तोडल्या, टॉवर आले. चाळी तोडल्या, टॉवर आले. मग एका बाथरूमची काय कथा?

माझ्या भाड्याच्या घरातल्या बाथरूमला मात्र हा नियम लागू नव्हता. घरमालकीण काकूंनी तशी अटच घातली होती. 'तुझं ते कपाट खुशाल बदल. पण टाइल एकही फुटता कामा नये हं!' काकू पहिल्या मजल्यावर राहतात, मी त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे टाइल फुटली की आवाज आधी त्यांच्याच कानावर जाणार. आणि माझं डिपॉझिट त्यांच्याकडे!

हिरवी भिंत

घर आहे दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत. १८९६ च्या प्लेगने मुंबईला हादरवलं, १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतल्या लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून दादर-माटुंग्याचा हा भाग आखला गेला. त्यामुळे इथल्या गल्ल्या अजूनही सरळ, झाडांच्या आणि चालण्याजोग्या आहेत. जुन्या बिल्डिंगमध्ये शिरलात तर आधी खाली बघा. जिन्यात आणि हॉलमध्ये नक्षीच्या सिमेंट टाइल्स दिसतील. स्वदेशीच्या वातावरणात १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांनी घरोघरी पोचवलेली ही फॅशन. त्यांच्यावर इंटिरियरवाले आता भरभरून बोलतात. बाथरूमच्या भिंतीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

काकूंच्या बाथरूमच्या टाइल्स सहा इंच बाय सहा इंच. रंग समुद्री हिरवा. वर काळ्या रंगाची बोटभर पट्टी. काकू १९६४ मध्ये लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी हौसेने बाथरूम नवं करून घेतलं होतं. आपल्याकडे भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स तेव्हा अजून नवलाईच्याच होत्या. आज घराघरात माहीत असलेली एच अँड आर जॉन्सन कंपनी भारतात सुरू झाली तीच १९५८ मध्ये. 'बघायला शेजारपाजारच्या बायका येऊन गेल्या होत्या,' काकू सांगतात. बाथरूम बघायला! आज आपण इटालियन किचन दाखवतो, तसंच.

या भिंतीला चिकटून आधीच्या कुठल्याशा भाडेकरूने एमडीएफचं रेडिमेड व्हॅनिटी युनिट बसवलं होतं. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. कॅटलॉगमध्ये एकदम झकास दिसतो. पण कॅटलॉगमधले लोक शॉवरच्या काचेच्या खोलीत आंघोळ करतात. आपण बादली-तांब्यावाले. पाणी मोरीभर उडतं आणि बोर्डाच्या कडेतून आत शिरतं. मग युनिट पावसात भिजलेल्या टोस्टसारखं फुगतं. माझ्या युनिटचे दोन्ही दरवाजे बंद होईनासे झाले होते आणि तळाला बुरशीचा भपकारा होता. बदलणं भागच होतं.

'रिडेव्हलपमेंट होणारच ना?'

चार जणांना दाखवलं. पहिल्याने सांगितलं, पूर्ण भिंत काढू, दोन बाय एकच्या नव्या टाइल्स लावू, चकाचक! दुसऱ्याने बेसिनमागच्याच टाइल्स काढून तिथे 'हायलायटर' टाइल लावायची आयडिया दिली. तिसऱ्याने फोनवरच नाही म्हटलं. चौथा जरा प्रामाणिक होता. म्हणाला, 'ताई, छिन्नी-हातोडीने दोन तासांत होतं. न फोडता करायचं तर दोन दिवस जातात. मला कसं परवडणार?'

खरं कोडं इथेच आहे. तोडायचा खर्च दिसतो. न तोडायचा खर्च म्हणजे वेळ, आणि त्याचं बिल कुणी लावत नाही.

शिवाय सगळ्यांचा एक कॉमन प्रश्न. 'बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच ना? मग कशाला जपायचं?' खाली नोटीस बोर्डावर त्याच मीटिंगचा कागद लावलेला. मी काकूंना तसं विचारलंही. त्या शांतपणे म्हणाल्या, 'अगं, ही मीटिंग मी वीस वर्षं ऐकतेय. बिल्डिंग जाईल तेव्हा जाईल. तोपर्यंत वरचं पाणी माझ्याच डोक्यावर पडणार ना?'

हा नुसता भावनेचा मुद्दा नाही बरं का. जुन्या भिंतीच्या टाइल्सची माती सच्छिद्र असते. पाणी अडवते ती वरची काचेसारखी झिलई. झिलईला तडा गेला की पाणी आत मुरतं, मागच्या सिमेंटमध्ये उतरतं आणि महिन्याभराने खालच्या मजल्याच्या छताला पोपडे धरतात. म्हणजे टाइल फुटली, तर प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही.

आणि जोडीची टाइल मिळणार नाही ती नाहीच. सहा बाय सहाचा जमाना गेला. मग आठ बाय आठ आल्या, आठ बाय बारा आल्या, बारा बाय अठरा, आता फूट बाय दोन फूट आणि त्याहून मोठ्या. साइज गेली की साचे जातात. अगदी आजची टाइल घेतलीत तरी बॉक्सवर शेड आणि बॅच नंबर असतो. पुढच्या बॅचमध्ये तोच रंग किंचित वेगळा निघतो. भट्टीचं काम आहे, एका घाण्यातल्या दोन चकल्या तरी सारख्या कुठे निघतात?

केंद्रापाड्याचा माणूस

पाचवा प्लंबर काकूंच्याच ओळखीतून आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. आल्या आल्या त्याने हातोडी काढलीच नाही. खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि युनिटभोवतीच्या एकेका टाइलवर हलकेच वाजवत गेला. टक, टक, टक... आणि मग एकदम ठप. 'ये पोला है,' म्हणाला. टाइलच्या मागचा मसाला सुटला की आवाज पोकळ येतो. अशा दोन टाइल्स निघाल्या. दोन्हींवर त्याने टेपची फुली मारली. काम करताना आधी पडणाऱ्या त्याच!

गाव कुठलं विचारलं, तर म्हणाला, 'केंद्रापाडा.' ओडिशातला हा जिल्हा प्लंबरांसाठीच ओळखला जातो. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात नळाचं काम करणारा माणूस तिकडचा निघायची शक्यता दांडगी. तिथल्या पट्टामुंडाईला चक्क प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. हा बाबा मात्र संस्थेत नव्हे, काकाच्या हाताखाली शिकलेला. दोन दिवसांची मजुरी ठरली. त्याने कागदावर सामान लिहून दिलं आणि वर बजावलं, 'कपाट अभी मत लेना. पहले पुराना निकलेगा, फिर नाप लेंगे.'

हा सल्ला सोन्यासारखा आहे. बऱ्याच ठिकाणी युनिटच्या मागे टाइल लावलेलीच नसते, ठेकेदाराने पैसे वाचवलेले असतात. नवं युनिट अरुंद निघालं तर उघडी भिंत तुमच्याकडे बघत बसते. म्हणून आधी मागे काय आहे ते बघायचं आणि मगच खरेदी.

यादी हातात घेतली, पाठीला सॅक लावली आणि निघाले. शनिवार होता. शुक्रवारी का नाही, ते पुढे कळेल.

चोर बाजार: टाइलचं दुसरं आयुष्य

दादरहून स्लो लोकल. परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड. एकेकाळी या मार्गावर गिरण्यांची धुराडी दिसायची, आता टॉवरच्या काचा दिसतात. सँडहर्स्ट रोडला उतरून चालत मटण स्ट्रीट गाठली. हाच आपला चोर बाजार. पूर्वीच्या 'शोर बाजार'चं हे बिघडलेलं रूप आहे, असं म्हणतात. इथली बहुतेक अँटिकची दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तो वेगळा.

यादीत टाइल नव्हती. पण पोकळ असलेल्या त्या दोन टाइल्सनी दगा दिला तर? हाताशी एखादी असलेली बरी, म्हणून मी आधी इथे आले. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे दिवे, सिनेमाची पोस्टर्स, पितळी नळ, पांढऱ्याशुभ्र चिनी मातीची पाय असलेली बेसिनं... बाथरूमसुद्धा अँटिक होतं हे इथे कळतं. एका दुकानात मागच्या बाजूला टाइल्सचे गठ्ठे होते. नक्षीच्या, गुलाबाच्या, मोराच्या. साध्या हिरव्या? दुकानदार चाचांनी माझ्या मोबाइलवरचा फोटो निरखला आणि पोत्यातून तीन काढल्या. साइज बरोबर, सहा बाय सहा. रंग मात्र पोपटीकडे झुकणारा.

'ऐसा कलर मिलेगा क्या?' मी विचारलं. चाचा हसले. म्हणाले, 'बेटा, जब कोई बाथरूम टूटता है, तब मेरे पास टाइल आती है. और सौ टूटती हैं, तो दस साबुत निकलती हैं.'

मी त्या तीन टाइल्स परत पोत्यात ठेवल्या. मला जे हवं होतं, ते मिळायला कुणाचं तरी बाथरूम फुटायला हवं होतं. आणि उरलेल्या नव्वदचं काय झालं, ते डेब्रिजच्या ट्रकलाच ठाऊक.

पोत्याशेजारी आजच्या टाइल्सची खोकी होती. त्यांच्यावर बहुधा एकच गाव छापलेलं असतं, मोरबी. मच्छू नदीकाठचं गुजरातमधलं हे शहर आज देशाच्या बहुतांश टाइल्स बनवतं. जवळच्याच थानगढमधून बेसिनं आणि कमोड येतात. थानगढच्या या धंद्याचा पाया घातला परशुराम गणपुले या मराठी माणसाने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी तिथे परशुराम पॉटरी सुरू केली. म्हणजे तुमच्या-आमच्या बेसिनचं मूळ शोधत गेलं, तर वाटेत एक गणपुले भेटतात. आहे की नाही गंमत!

पायधुनी, नागदेवी, लोहार चाळ

मोहम्मद अली रोडने दक्षिणेकडे चालत आलं की पायधुनी लागते. बेटांच्या मुंबईत इथे खाडीचं पाणी यायचं. ते ओलांडून आलेली माणसं शहरात शिरताना इथे पाय धुवायची, म्हणून हे नाव. बाथरूमच्या खरेदीला निघालेल्या माणसासाठी याहून योग्य स्टॉप कोणता?

तिथून पुढे नागदेवी स्ट्रीट. मॉलमध्ये रमणाऱ्यांनी इथे एकदा यायलाच हवं. हत्यारांचा असा बाजार दुसरा नाही. एका दुकानात फक्त नटबोल्ट. दुसऱ्यात फक्त ड्रिलचे बिट. तिसऱ्यात फक्त पाने, बोटाएवढ्यापासून हाताएवढ्यापर्यंत. हातगाडीवाला 'बाजू, बाजू' करत येतो, तेव्हा तुम्ही आपोआप कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर चढता आणि तिथेच काहीतरी विकत घेता!

इथे मी टाइलचा बिट मागितला. काउंटरवरच्या काकांनी आधी विचारलं, 'कुठली टाइल? जुनी वॉल टाइल की व्हिट्रिफाइड?' फरक मोठा आहे. आजची व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. ती इतकी घट्ट की तिला हिऱ्याचा बिट लागतो. जुन्या वॉल टाइलची माती मऊ असते. तिला भाल्याच्या टोकासारखा साधा टाइल बिट पुरतो. पण झिलई फुटू नये म्हणून हात हलका लागतो.

'मशीनचा हॅमर बंद ठेवायचा. फिरू द्यायचं, ठोकायचं नाही,' काकांनी सांगितलं. 'टाइल कितीही दाबा, सहन करते. वाकवली की मोडते. कोपऱ्यावर ठोकली की गेलीच.' इंजिनिअरिंग कॉलेजच्या मित्राला नंतर हे सांगितलं, तर तो म्हणाला की सिरॅमिकबद्दलचं सगळं लेक्चर या तीन वाक्यांत आलं.

मग लोहार चाळ. नाव लोहारांचं, पण आज इथे दिवे, वायर, कुलपं, कड्या, नळ, आरसे, सगळंच मिळतं. बॉटल ट्रॅप, दोन कनेक्शन पाइप, नवीन अँगल कॉक, टेफ्लॉन टेप, मास्किंग टेप, रावल प्लग, पितळी स्क्रू. सिलिकॉनची ट्यूब घेताना मात्र थांबा. स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ते संगमरवराला डाग पाडतं आणि धातू गंजवतं. बाथरूमसाठी 'न्यूट्रल' आणि बुरशीरोधक लिहिलेली ट्यूब मागून घ्यायची.

सॅक जड झाली होती. चालत काळबादेवीचं मेट्रो स्टेशन गाठलं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून इथून भुयारी मेट्रोने थेट दादरला येता येतं. तासाभरापूर्वी मी पितळी नळांच्या पोत्यांमध्ये उभी होते, आता एसी डब्यात रावल प्लगची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. समोरच्या मुलीने बिट बघून जरा पाय आखडते घेतले!

हातोडीविना दोन दिवस

सोमवारी सकाळी काम सुरू झालं. पहिला अर्धा तास तो माणूस काही उघडत नव्हता, नुसता झाकत होता. जमिनीवर जाड पुठ्ठा आणि त्यावर गोणपाट. युनिटच्या कडेने सगळ्या टाइल्सवर मास्किंग टेप. पोकळ टाइल्स आडव्या-उभ्या टेपने शेजारच्या टाइल्सना बांधलेल्या. नहाणी ट्रॅपमध्ये फडक्याचा बोळा, स्क्रू आत पडू नये म्हणून.

मग पाणी बंद. जुना अँगल कॉक फिरेना, तेव्हा त्याने जोर केला नाही. गच्चीत जाऊन लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. 'यही पे सब जोर लगाते हैं,' तो म्हणाला. अडकलेला कॉक पिळला की भिंतीतला पाइप फिरतो आणि आतूनच टाइल उचलते. फोडायला हातोडीच लागते असं थोडंच आहे!

बेसिन आणि टाइलच्या फटीत पांढरं सिमेंट होतं, त्यावर सिलिकॉन. सिलिकॉन कटरने दोन्ही कडांनी कापलं, दोरीसारखं निघालं. सिमेंट मात्र हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडावं लागलं. सव्वा तास! हे सोडून थेट बेसिन ओढलं असतं, तर सिमेंटने टाइलची झिलईही सोबत नेली असती. टाइल्स फुटतात त्या बहुतेक याच एका घाईने. सांधा कापल्याशिवाय काहीही ओढायचं नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मग दरवाजे काढले, खालचा ट्रॅप सोडवला, बेसिन दोघांनी मिळून उचललं. राहिला खोका. भिंतीला चार बोल्ट. तीन निघाले, चौथा गंजून एकजीव. आता पहार घालून उचकटणार, असं मला वाटलं. त्याने वर बघून विचारलं, 'पुराना एक्सरे है?'

काकू दाराशी खुर्ची टाकून बसल्याच होत्या. त्यांनी स्वतःच्या गुडघ्याचा एक्सरे आणून दिला! ती फिल्म त्याने टाइल आणि खोक्याच्या फटीत सरकवली, ब्लेडच्या एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि फिल्मला टेकवून बोल्ट कापायला लागला. ब्लेडची सपाट बाजू फिल्मवर घासत होती, टाइलवर एक ओरखडा नाही. 'गुडघा एकदाचा कामी आला,' काकू म्हणाल्या.

खोका बाहेर आला आणि आम्ही तिघंही गप्प झालो.

मागे टाइल्स होत्या. पूर्ण, जमिनीपर्यंत. आणि त्यांचा रंग वेगळाच होता. बाकीच्या भिंतीसारखा धुरकट हिरवा नव्हे, तर पाण्याखालून वर बघितल्यावर दिसतो तसा स्वच्छ, चमकता हिरवा. भट्टीत भाजलेला रंग उडत नाही. वर्षानुवर्षं त्यावर साबणाचा आणि पाण्यातल्या क्षाराचा थर चढतो, तो आपल्याला जुनेपणा वाटतो. युनिटच्या मागे तो पोचलाच नव्हता.

काकू उठून आत आल्या. चष्मा पुसला. 'हा बघ. हा रंग होता,' एवढंच म्हणाल्या. मग जरा वेळाने, 'मला वाटायचं, माझीच आठवण चुकतेय.'

अठरा इंच

मग नवं युनिट किती रुंद घ्यायचं, हे ठरायला वेळ लागला नाही. जुनं चोवीस इंचांचं होतं. नवं अठरा इंचांचं. म्हणजे बरोबर एक उभी रांग मोकळी राहणार. भिंतीतला वेस्ट पाइप सुदैवाने डावीकडेच होता, त्यामुळे बेसिन सरकवायला हरकत नव्हती.

युनिट रेडिमेड घेतलं नाही. दादरच्याच एका सुताराकडून करून घेतलं, जमिनीपासून फूटभर वर, भिंतीला लटकणारं. खालून खराटा फिरला पाहिजे, ही आपल्या मोरीची गरज. प्लायवुड घेताना त्यावरचा शिक्का बघायचा. आयएस ७१० म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय. आयएस ३०३ चं साधं 'एमआर' प्लाय दमट हवेपुरतं ठीक, पण बादलीच्या शिंतोड्यांत नाही. कापलेल्या कडा उघड्या ठेवायच्या नाहीत. पाणी नेहमी कडेनेच शिरतं.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. डावीकडची दोन जुनी भोकं तशीच वापरली. उजवीकडे दोन नवी पाडायची होती. टाइलच्या कडेपासून दीड इंच आत खूण, त्यावर टेपची फुली म्हणजे बिट घसरत नाही, मशीन सावकाश, हॅमर बंद, आणि मी बाजूला स्पंजने थेंब थेंब पाणी सोडतेय. टाइल पार झाली, तेव्हा आवाज बदलला. मग दगडाचा बिट लावून त्याने हॅमर सुरू केला. रावल प्लग टाइलच्या जाडीपेक्षा आत ठोकला. का? कारण स्क्रू आवळला की प्लग फुगतो. तो टाइलमध्येच फुगला, तर काम संपल्यावर टाइल तडकते, तेही रात्री बारा वाजता!

स्क्रू एकदम आवळले नाहीत. लेव्हल लावून चारही थोडे थोडे. भिंतीशी दोन-तीन मिलिमीटरची फट सोडून त्यात सिलिकॉन, पांढरं सिमेंट नाही. पुढच्या भाडेकरूला सव्वा तास खरवडावं लागू नये, म्हणून. एक दिवस पाणी नाही. मग बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडलं, खाली कोरडा पेपर अंथरलेला. पेपर कोरडाच राहिला. मोकळ्या झालेल्या रांगेतल्या दोन जुन्या भोकांवर टॉवेल रॉड बसवला.

फुटलेल्या टाइल्स, शून्य. त्या दोन पोकळ टाइल्ससुद्धा आपापल्या जागी.

जाताना त्याला विचारलं, हे असं काम मागणारे किती भेटतात? त्याने बोटं मोजली आणि एकाच हातावर थांबला. तो आता ठाण्याच्या एका नव्या टॉवरमध्ये काम करतो, एकेका मजल्यावर आठ-आठ बाथरूम, सगळी एका मापाची. तिथे नाणं वाजवायची वेळ येत नाही. खिशात मात्र तो ते ठेवतो.

रिडेव्हलपमेंटची मीटिंग पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. काकू या वेळी एक प्रश्न विचारणार आहेत, तोडायच्या आधी टाइल्स काढून घ्यायला किती दिवस मिळतील? मी त्यांना सांगितलंय की दहा टाइल्स साबूत हव्या असतील, तर नागदेवीचा बिट आणि केंद्रापाड्याचा माणूस, दोन्हींचे नंबर माझ्याकडे आहेत. राहिला गुडघ्याचा एक्सरे. तो त्यांनी जपून ठेवलाय.

तुम्हीही करताय?

• मोजा: युनिटची रुंदी, वेस्ट पाइपची उंची, आणि मागे टाइल आहे का ते. खरेदी त्यानंतर.
• वाजवा: आजूबाजूची प्रत्येक टाइल नाण्याने. पोकळ असेल तिला टेपने बांधा.
• कापा: सांधा पूर्ण कापल्याशिवाय ओढू नका.
• उचकटावंच लागलं, तर पहारीखाली प्लायचा रुंद तुकडा ठेवा. जोर एका टाइलवर येता कामा नये.
• टाइलवरचा क्षार पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतो. पण संगमरवर आणि सिमेंटचे सांधे त्यापासून दूर ठेवा, लगेच धुवा.
• भाड्याच्या घरात असाल तर आधी आणि नंतर फोटो काढा, आणि मालकांची परवानगी लेखी घ्या.

कसं जाल?

मटण स्ट्रीटसाठी सँडहर्स्ट रोड स्टेशन, शुक्रवार टाळा. नागदेवी स्ट्रीटसाठी मस्जिद स्टेशन, पश्चिमेला उतरा. रविवारी हा सगळा घाऊक बाजार बंद असतो. येताना काळबादेवीहून मेट्रो. सकाळी अकराच्या सुमारास पोचलात तर दुकानं उघडलेली असतात आणि हातगाड्यांची गर्दी अजून वाढलेली नसते. बूट घाला, चपला नकोत. आणि हो, भिंतीचा फोटो मोबाइलमध्ये हवाच. तिथे तोंडी वर्णनावर कुणी बिट देत नाही!